विहिरीकडची बाजू

शेतवस्ती, अंकुशनगरजवळ
१२ ऑगस्ट २०२५

ती. सौ. प्रभाबाईंना धाकट्या जावेचा, नंदाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे जिवंत आहोत. फोन तुम्ही उचलत नाही आणि उचललात तर दुसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं. कागदाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा उद्योग.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? पुण्याच्या जिन्यांना माझ्या शिव्या कळवा. इकडे पाऊस बरा आहे, मुगाच्या शेंगा तोडणीला आल्यात. शेजारच्या गोजरबाईची म्हैस पुन्हा आपल्याच मुगात शिरली. मी ओरडले तर म्हणते, "मुकं जनावर हाय, त्याला काय कळतंय!" म्हटलं, मालकिणीला तरी कुठं कळतंय. दोन दिवस अबोला होता, काल ताक घेऊन आली.

परवा आपल्या वस्तीवर अक्षता आली होती. पीकपाहणीला मदत करते ती पोरगी, मोबाईलात झाडांचे फोटो काढत हिंडते. माझी बाजू बघून झाली, मग तुमच्या मोसंबीत शिरली आणि अडली. म्हणाली, "काकू, मालकाचं नाव तर हाय माझ्याकडं. पण ह्या बाजूला तुम्ही कोण?"

"कोण म्हंजे?"

"बटाईनं करता का?"

"बटाई असती तर अर्धा माल माझ्या घरात आला असता. तोडणी झाली की सगळा माल त्यांचाच."

"मंग राखणदार?"

"राखणदार ज्वारी निघाली की गोफण गुंडाळून घरी जातो बाई. मी कुठं जाऊ?"

ती हसली. "मंग कारभारीण म्हणा!"

"कारभारी हुकूम सोडतो. ही झाडंच मला उठवून राह्यलीत रोज."

"मंग तुम्ही करता तरी काय?"

"सांभाळते," म्हटलं. ती डोकं खाजवत निघून गेली. मी मात्र संध्याकाळपर्यंत त्या एका शब्दापाशी बसून होते. लेकरू सांभाळतो, म्हातारं माणूस सांभाळतो. कुणी निघालं की "सांभाळून जा" म्हणतो. मालकी सांगायला हा शब्द कुणी वापरत नाही. तुम्ही पुण्याला निघालात तेव्हा तुम्हीच एसटीच्या खिडकीतून म्हणाला होतात, "नंदा, बाग सांभाळ ग." तुमच्या लक्षात नसेल. माझ्या आहे.

म्हणून तुमच्या लेकाचं, प्रेमचं बोलणं लागलं. भावनाच्या लग्नात भरल्या पंगतीत तो मला म्हणाला, "काकू, बाग राखायला दिली होती, खायला नाही." मी पानावरून उठले. तो लेकरू आहे, त्याचं एक वेळ सोडून देते. पण तुम्ही माझ्या शेजारच्याच पानावर होतात प्रभाबाई, आणि तुम्ही वरणात भात कालवत राहिलात.

आता निरोप आलाय की पोळा झाला की प्रेम गिऱ्हाईक घेऊन येतोय. अर्धी बाग काकूनं तोडलीच आहे, मग ठेवून काय करायचं, तो तुकडा उसासाठी विकून टाकू, असं म्हणतोय म्हणे.

तर तोडली. खोटं बोलणार नाही. मागच्या उन्हाळ्यात अर्धी बाग मीच तोडली, उभी राहून तोडली. विहीर तळाला गेली होती. टँकर आणून ओतला तरी सगळ्या झाडांना पुरत नव्हतं. दोन्ही बाजूंना थोडं थोडं दिलं असतं तर दोन्ही बाजू वाळल्या असत्या. एक बाजू धरायची आणि एक सोडायची, एवढंच हातात होतं.

सासूबाईंची रीत तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. शेजाऱ्याचं जनावर आपल्या दावणीला असलं की पहिली पेंढी त्याला. आपलं हंबरू दे. एकदा मी आपल्या गाईला आधी टाकली, तर तुम्हीच माझ्या हातातून पेंढी काढून घेतली होती.

प्रेम त्याच मे महिन्यात गाडी घेऊन आला, बांधावरूनच फोटो काढले आणि चहा न घेता गेला. त्यानं विहिरीकडची झाडं हिरवी पाहिली आणि ओढ्याकडची खोडकी पाहिली. त्याला वाटलं, हिरवी ती काकूची. कुणालाही तेच वाटेल, आपल्या झाडाला कोण तहानेलं ठेवतं? सातबारा एकच, वाटणी तोंडी, आणि वाटणी झाली तेव्हा तो पाळण्यात होता. पण तुम्ही तर ओसरीवर उभ्या होतात. भाऊजींनी वाटे घातले, उचलायचा मान धाकट्याला दिला आणि आमच्या ह्यांनी ओढ्याकडची बाजू उचलली. विहिरीकडची तुम्हाला सोडली म्हणून सगळे ह्यांना हसले होते. तुम्हीही हसला होतात.

प्रेम तुम्हाला येऊन म्हणाला, आपली बाग तोडली. तुम्ही त्याला एकदा विचारायचं होतं, कोणती बाजू?

तोडली ती माझी. ह्यांनी हातानं लावलेली. कुऱ्हाड चालली तेव्हा मी एकेका झाडापाशी उभी होते, कारण ते गेले तेव्हाही मी अशीच उभी होते. फार रडले. तुम्हाला कळवावंसं वाटलं होतं, पण तुम्ही बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलला असता आणि ते मला ऐकवलं नसतं. ह्याला माझा मोठेपणा समजू नका. तुमची झाडं वाळली असती तर लोक काय म्हणतील ह्याची धास्ती होती. वाचवली तरी तेच ऐकावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

प्रेम विकायला निघालाय तो तुकडा माझा आहे, हे त्याला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून त्याला ओशाळं करायचं नाही मला. तुमच्या बाजूचं तुम्हाला काय करायचं ते करा, हक्क तुमचा आहे. फक्त ठरवायच्या आधी एकदा या. फळं आता लिंबाएवढी राहिली नाहीत, फांद्यांना टेकू दिलेत. भाऊजींच्या हातची कलमं आहेत, त्यांना गुडघ्यासकट घेऊन या. जेवायला बसू तेव्हा मी तुमच्या शेजारीच पान मांडणार आहे. ह्या वेळी मी उठले, तर तुम्ही हाताला धरून खाली बसवा.

तुमची बाग सांभाळणारी, आणि तुमच्यावर अजून रुसलेली,
तुमचीच
नंदा