साहेबाच्या काकडीवरचं पांढरं

मंगळवार, १९ जानेवारी १९३७

कच्चं अंडं! आम्हा जैनांच्या घरात! माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, तो शब्द माजघरात उच्चारला आणि आमच्या आजीने, अव्वाने, जपमाळ टाकून कानांवर हात ठेवले.

विलायती कंपनीचा तंबाखू खरेदी करणारा साहेब हंगामभर निपाणीत मुक्कामाला आहे. त्याने आमची वखार सोडून दुसरीकडे वळू नये म्हणून अण्णाने त्याला दर गुरुवारी दुपारी जेवायला बोलावलंय. आता साहेबाला काकडी-टोमॅटोवर एक पांढरं लागतं. मेयोनीज म्हणे. कच्च्या बलकात थेंब थेंब तेल सोडत घोटायचं. बेळगावच्या कॅम्पातल्या डॉक्टरने ते बंद केलंय, साहेबाचं पित्ताशय बिघडलंय. म्हणजे अंडं नको, तेल नको – पण चव तीच पाहिजे!

"तारा, तूच काय तर कर बघ. तुझ्या हाताला चव हाय."

मीही संधी साधली. सोलापूरच्या आश्रमाचा फॉर्म त्याच्यापुढे धरला. तिथे राहून शिकलं की मास्तरीण होता येतं. दहा एप्रिलच्या आत पोचायला हवा, पालकाच्या सहीसकट. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून माझा पालक म्हणजे अण्णाच. त्याने न वाचताच फॉर्मची घडी घातली आणि मला परत दिली. "हंगाम होऊ दे. मग बघू की."

गुरुवार, २१ जानेवारी

ओलं खोबरं वाटून केलं. कच लागली. साहेबाने चमचा लावला आणि बाजूला सारलं. अण्णाचा चेहरा बघवेना.

शनिवार, २३ जानेवारी

साहेबाचा स्वयंपाकी रवळू मागल्या दारी आला होता. बिचारा मदत करायला! "आक्का, लोणी घोटून बगा. न्हायतर वाईच मध घाला, आमच्या जुन्या मडम घालायच्या."

अव्वा आतून कडाडली. लोणी अभक्ष्य, मध अभक्ष्य! रवळू चपला हातात घेऊनच पळाला. मला हसू आवरेना. किती दिवसांनी हसले.

बुधवार, २७ जानेवारी

जमलं बहुतेक. रात्री लावलेलं दही सकाळी मलमलीत बांधून खुंटीला टांगलं. तीन तासांनी चक्का उतरवला. मोहरी लिंबाच्या रसात फेसली – नाकात झिणझिण्या! मीठ, मिरपूड, गुळाचा एक खडा, आणि घोटलं. दिसायला तर मऊसूत, चमच्याला धरून राहतं.

पण चव कोण बघणार? मी चातुर्मासापासून वर्षभर दही सोडलंय. नियम तो नियम. म्हणून अव्वाच्या हातावर थेंब ठेवला. तिने डोळे मिटले. तोंडात दात नाहीत, महिनाभर भातसुद्धा दोन घासांपुढे जात नव्हता. म्हणाली, "अजून हाय का गं?"

गुरुवार, २८ जानेवारी

साहेबाने वाटी पुसून खाल्ली!

गुरुवार, ११ फेब्रुवारी

साहेब मित्राला घेऊन आला. दोन वाट्या. रवळू सांगत होता, "साहेबाचं पोट दुकायचं थांबलं बगा. डाक्टर बी चाट!" अव्वाही दर गुरुवारी चव बघायच्या निमित्ताने वाटीभर खाते, वर भात खाते. गालांवर जरा मांस आलंय.

सगळ्यांना मानवलंय. मलाच तेवढं नाही.

रविवार, १४ फेब्रुवारी

अण्णाला पुन्हा विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, "अव्वा तयार न्हाय. म्हातारीला दुखवून जाणार व्हय?"

अव्वाला स्वतः विचारायचं धाडस नाही. अण्णाच्या तोंडून 'नको' ऐकलं ते सोसलं. तिच्या तोंडून ऐकलं तर मग कुणाकडे बघायचं?

गुरुवार, २५ फेब्रुवारी

आज चार पानं. माजघराच्या दाराच्या फटीतून साहेबाचे बूट दिसतात. मी त्याला पाहिलेलं नाही, त्याने मला नाही. माझा चक्का तेवढा बाहेर जातो.

मंगळवार, २ मार्च

युक्ती सुचली. वहिनीला शिकवायचं, म्हणजे मी मोकळी! मलमल बांधण्यापासून सगळं दाखवलं. तिने घोटलं ते ताकासारखं वाहिलं. दुसऱ्यांदा मीठच विसरली. तिसऱ्यांदा मोहरी इतकी, की मांजर शिंकलं.

मी चिडले. तर वहिनी पदर तोंडाला लावून हसली. "तारावन्सं, मला येत न्हाय आणि येऊ बी द्यायचं न्हाय. जिला येतंय तिच्याच गळ्यात पडतंय. तुम्हास्नी कुणी सांगितलं होतं एवढं चांगलं करायला?"

तिच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. मग वाटलं, चूक काय बोलली?

गुरुवार, ११ मार्च

अण्णा खुशीत घरात आला. साहेब पुढच्या वर्षीही येणार. त्याच्या पुढच्या वर्षीही. "तुझ्या पांढऱ्यामुळं, तारा!"

"आणि माझा फॉर्म?"

"अगं, तू गेलीस तर त्याला घालायचं काय? शिकून तरी काय करणार हाईस? हितं काय कमी हाय तुला?"

काय कमी आहे ते सांगता येईना. दोन वेळचं जेवण आहे, लुगडं आहे, कुणी वाईट बोलत नाही. खुंटीला टांगलेल्या फडक्यालाही काही कमी नसतं. मी न्हाणीघरात जाऊन दार लावून रडले.

गुरुवार, १८ मार्च

हे लिहू की नको? लिहितेच.

उन्हाळा कडक. दही पाणचट झालं. तीन तास टांगलं तरी चक्का बसेना. तेवढ्यात साहेब तासभर आधीच आला. अण्णा दारातून हात हलवतोय, वहिनी पानं मांडतेय. समोर डाळव्याचा डबा होता. मी मूठभर डाळवं कुटून बारीक पीठ केलं आणि दह्यात मिसळलं. घट्ट झालं. छान झालं!

वाट्या बाहेर गेल्या आणि बोटांना चिकटलेल्या पिठाकडे लक्ष गेलं. कच्च्या दह्यात डाळीचं पीठ – द्विदल! आमच्यात पाच वर्षांच्या पोरीलाही कळतं की हे खायचं नाही, त्यात जीव उपजतात. मागे वळून बघते तर अव्वा पाटावर बसून तिची वाटी चाटतेय.

साहेबाने आज वाढून मागितलं.

सांगितलं नाही तर कुणाला कळणार नाही. सांगितलं तर सत्तरीची म्हातारी प्रायश्चित्त घेतल्याशिवाय राहणार नाही. आणि खरं विचारलं तर – डबा उघडताना मला खरंच आठवलं नव्हतं का? की आठवलं होतं, आणि म्हटलं, एकदाचं बाटू दे हे पांढरं, सुटेन तरी? मला सांगता येत नाही. स्वतःचीच भीती वाटते.

शुक्रवार, १९ मार्च

सकाळीच अव्वाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सांगितलं. ती तशीच उठून मंदिरात गेली. मंदिरातून येऊन पाण्याचाही त्याग केला. चैत्र अजून लागायचा आहे, आणि ऊन आताच रणरणतंय. दुपारी तिचे ओठ सुकले. मी शेजारी बसून वारा घालत होते. माझाही उपास.

तीनच्या सुमाराला म्हणाली, "तारा, तुझ्या हातनं चुकत न्हाय कधी. काय झालतं?"

मग सगळंच सांगितलं. फॉर्म, सही, हंगाम. "तू नको म्हणालीस ना अव्वा, म्हणून मी पुन्हा बोलले नाही."

अव्वा कोपरावर उठून बसली.

"मी? मी कवा न्हाय म्हणाले? मला कुणी इचारलंच न्हाय."

शनिवार, २० मार्च

अव्वाने पारणं केलं. मुगाच्या कढणाने. नंतर म्हणाली, "त्यो कागद आण. वाच."

वाचला. शेवटच्या ओळीशी आले आणि थांबले. 'पालकाची सही अथवा अंगठा.' दहा वेळा वाचलेली ओळ! सही एवढाच शब्द दिसत होता मला. घरात लिहिता येणारा पुरुष एक, म्हणून पालक तोच – हे कुणी मला सांगितलं नव्हतं. माझं मीच धरून चालले होते.

"शाई कुठं हाय?" अव्वा म्हणाली.

रविवार, २१ मार्च

अंगठ्याचं कळताच अण्णा तावातावाने आत आला. "पुढच्या गुरुवारी साहेबाला घालू काय?"

अव्वा जपमाळ ओढत म्हणाली, "फडकं खुंटीला हाय. बांध की."

वहिनी चुलीपाशी इतकी हसली की भाकरी करपली. अण्णा बाहेर निघून गेला. माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. त्याने निदान एकदा तरी फॉर्म वाचायला हवा होता, एवढंच मला लागलंय.

बुधवार, ९ जून

ट्रंक बांधली. उद्या सकाळची मोटार. अण्णा आज वखारीतून लवकर आला, ट्रंकेला दोरी आवळून बांधली आणि परत गेला. गाठ पक्की आहे.

अव्वाला चक्का करून दिला – शेवटचा. ती म्हणाली, "तुला नेम हाय, न्हायतर तुला भरवला असता."

सोमवार, १४ जून. सोलापूर

आश्रमाच्या बाई स्वयंपाकाच्या पाळ्या लावत होत्या. त्यांनी विचारलं, "तारामती, तुला काय काय करता येतं?"

म्हटलं, "काही नाही."

धडधडीत खोटं! उद्या उपास करीन.