भिंगवाल्याचे सव्वीस आठवडे

४ फेब्रुवारी, मंगळवार

परत आली! माळ्याची फाईल तिसऱ्यांदा परत आली. वर लाल शाईत शेरा — 'नोकरी सिद्ध होत नाही.'

अरे, तो माळी तुमच्याच इमारतीत कामाला आहे! तपासणी अधिकाऱ्याच्या (आम्ही सगळे त्याला शिक्का म्हणतो) खिडकीतल्या कुंडीला रोज सकाळी हाच पाणी घालतो. शिक्का त्याला वर सांगतोही — "फार घालू नकोस, मुळं कुजतात." मी फोन केला तर म्हणतो, "मॅडम, मी त्याला पाहतो हे खरं आहे. पण फाईलमध्ये तो दिसत नाही." डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात ते हेच.

केंद्राच्या मुख्य बाई म्हणाल्या, जरा दमानं घ्या. घेतलं. जेवणाच्या डब्याचं झाकण आपटून तेवढं वाकलं.

५ फेब्रुवारी

माळ्याचं निस्तरता येईल. त्याचा ठेकेदार पत्र देईल कधीतरी. खरी काळजी भिंगवाल्याची आहे.

आमचं केंद्र मनाच्या आजारातून उठलेल्यांना नोकरी मिळवून देतं. खर्च सरकारचा, म्हणून पुरावाही सरकारला हवा. नोकरी सव्वीस आठवडे टिकली पाहिजे. मालकाचं सही-शिक्क्याचं पत्र पाहिजे. त्यावर शिक्का स्वतः मालकाला फोन करून खात्री करणार. आणि फोनवर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं — "मनोरुग्ण पुनर्वसन योजनेतून बोलतोय." झालं! दवंडीच की!

भिंगवाला चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासतो. वीस आठवडे झाले, एक खाडा नाही. आज भेटायला आला होता. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "ताई, आमच्या दुकानाच्या बाईंना कळू देऊ नका. तिथं मी नुसता कारागीर आहे." नुसता कारागीर! हे म्हणताना कसला ताठ बसला होता तो.

शब्द दिला मी. कळू देणार नाही.

६ फेब्रुवारी

मुख्य बाईंशी वाजलं. "पत्र नाही, फोन नाही, तर तो कागदावर बेकारच. आणि बेकार म्हटलं की रोज दहा ते एक इथं वर्गाला हजेरी लावावी लागेल."

कसला वर्ग? 'नोकरी कशी शोधावी'! म्हणजे नोकरी शोधायला शिकण्यासाठी असलेली नोकरी सोडायची! मी हसले तर बाईंना राग आला. "दुकानाचा नंबर शिक्क्याला कळवा, नाहीतर मी कळवते."

नंबर फाईलमध्ये होता. आता नाही. ते पान या वहीत, शेवटच्या कप्प्यात आहे. शोधा म्हणावं.

७ फेब्रुवारी

सापडलं! नियमांचं पुस्तक आज पहिल्यांदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. (नऊ वर्षं नोकरी झाली. लाज वाटते.) परिशिष्ट तीन, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात — मालकाचं पत्र मिळण्याजोगं नसेल, तर शेवटच्या सहा आठवड्यांत दर आठवड्याला एक, कामाच्या जागेवरचा, तारखेचा, त्या माणसाच्या सहीचा कागद चालेल. फोन लागणार नाही. मात्र तो कागद त्या माणसानं स्वतः आणलेला नसावा.

त्याचे शेवटचे सहा आठवडे आजपासून सुरू होतात. वीस मार्चला संपतात.

आता असा कागद आणायचा कुठून? दुपारभर डोकं खाजवलं. आणि मग माझ्याच चष्म्याच्या घरातली जुनी पुडी हाताला लागली. भिंगाच्या पुडीवर गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, तारीख असते — आणि खाली 'घासणार' म्हणून कारागिराची सही!

मी जायचं नाही, तो ओळखेल. घरच्यांना पाठवायचं. त्याला मात्र काही सांगायचं नाही. उगाच जिवाला घोर नको.

१२ फेब्रुवारी

सासूबाई मोहिमेवर जाऊन आल्या. जवळचा चष्मा. पुडी ताब्यात! खाली त्याची सही — बारीक, तिरकी, स्वच्छ.

सासूबाई म्हणाल्या, "आत एक माणूस दिव्यापाशी भिंग धरून बसला होता. लेकराचं तोंड बघावं तसं बघत होता." त्यांना चष्मा बरा बसलाय. घरी येताच पहिल्यांदा औषधाच्या बाटलीवरचं वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर जेवणाआधी घ्यायचंय!"

१९ फेब्रुवारी

दुसरी पुडी. ह्यांची. डोळे ठणठणीत आहेत, शून्य नंबरचा चष्मा करून घेतला. ऑफिसात सगळे म्हणाले म्हणे, विद्वान दिसता. तेव्हापासून काढत नाहीत.

२६ फेब्रुवारी

तिसरी. सासूबाईंचा लांबचा.

मुख्य बाईंनी लेखी खुलासा मागितला — दुकानाचा नंबर फाईलमध्ये का नाही? मी लिहिलं, 'नंबर दिल्यास माणसाची नोकरी जाईल. नोकरी टिकवणं हे माझं काम आहे. म्हणून दिला नाही.' खाली सही ठोकली.

५ मार्च

चौथी. शेजारच्या काकूंना पटवलं. पत्ता आमचाच द्यायला सांगितला, म्हणजे पुडी थेट आपल्या घरी. काकू म्हणाल्या, "तुमच्या घरात चष्म्यांची साथ आलीय का गं?"

१२ मार्च

पाचवी. ह्यांचा उन्हातला. दुकानाच्या बाई म्हणाल्या, "तुमचं घर म्हणजे आमचं देवासारखं गिऱ्हाईक!" आता एकच राहिली. सासूबाई तिसऱ्या चष्म्यासाठी तयार आहेत, सोनेरी काड्यांच्या.

शिक्क्याचा फोन आला होता. "मॅडम, भिंगवाल्याचं काय? मालकाचं पत्र?" मी म्हटलं, "परिशिष्ट तीन वाचा." पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. त्यानंही ते कधी वाचलेलं नव्हतं! या एका आवाजासाठी नऊ वर्षांची नोकरी कारणी लागली. मला काढायचं तर काढा. हा माणूस मी कुणाच्या हाती लागू देणार नाही.

१७ मार्च

सासूबाई हात हलवत परत आल्या. चष्मा तयार नाही. "कारागीर येत नाहीये, त्या बाई म्हणाल्या. शनिवारपासून."

ताप असेल. सर्दी असेल.

१८ मार्च

ताप नाही.

दुपारी त्याच्या बहिणीचा केंद्रात फोन आला. रडत होती. जसं आठवतं तसं लिहिते. "दादा दाराला कडी लावून बसलाय. म्हणतो, परत सुरू झालं. दर आठवड्याला एकाच घराचा चष्मा येतो, नावं बदलतात, पत्ता तोच. एक भिंग तर शून्य नंबरचं होतं म्हणतो — बिननंबरचा चष्मा कोण करतं? म्हणतो, कुणीतरी माझ्या सह्या गोळा करतंय. ताई, आजारी पडला होता तेव्हा अगदी असंच बोलायचा. कुणीतरी पाळतीवर आहे म्हणायचा. आज स्वतःच म्हणाला, मला परत दवाखान्यात ने."

मी काय बोलले आठवत नाही. फोन ठेवून फाईल काढली. पहिलंच पान. 'आपल्यावर कोणी पाळत ठेवत आहे असा समज.' अक्षर माझं. नऊ महिन्यांपूर्वी त्याच्यासमोर बसून मीच लिहिलेलं!

शिक्क्याचा एक फोन टाळायला मी अख्खं घर त्याच्या मागावर लावलं. फोननं फार तर नोकरी गेली असती. मी काय घालवायला निघाले होते? आणि एका शब्दानं त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता, ताई, नको, मला असलं सोसत नाही. हे त्यालाच ठाऊक होतं. मी शहाणी परिशिष्टं वाचत बसले!

ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "उद्या सकाळी जा. सगळं सांग."

१९ मार्च

गेले. बहिणीनं दार उघडायला लावलं. दाढी वाढलेली, खिडक्या बंद. बॅग भरून ठेवलेली. पाच पुड्या त्याच्यासमोर सतरंजीवर मांडल्या आणि सांगितलं — सासूबाई, नवरा, काकू, शून्य नंबर, सगळं. माफी मागितली. नजर वर करवेना.

त्यानं एकेक पुडी उचलून आपली सही नीट पाहिली. बराच वेळ. मग विचारलं, "म्हणजे हे खरंच चाललं होतं?"

"हो."

"मला जे जे वाटलं, ते सगळं?"

"सगळं. एकूण एक."

तो रडायला लागला, आणि रडता रडताच बहिणीला म्हणाला, "ऐकलंस? अगं, मी बरा आहे!" आणि चपला शोधायला उठला.