शेजारचं बंद घर मी मार्गी लावते

४ जानेवारी
आजपासून शेजारच्या घराचा विषय हातात घेतला. सत्यभामावहिनी गेल्यापासून बंद आहे. मुलगा सौमित्र पुण्यात. पेपरात नवा नियम आलाय, शब्दकोश घेऊन दोनदा वाचला: घर फार दिवस रिकामं असेल तर मालकाला नोटीस, नवीन बांधा नाहीतर विका. शहराचा प्रश्न आहे. हे गेल्यापासून मला संध्याकाळी घर खायला उठतं, त्याचा इथे संबंध नाही.

७ जानेवारी
सौमित्रला फोन केला. पाड, चार मजले बांध, माणसं येऊ दे म्हटलं. बघू म्हणाला. म्हणजे तयार आहे.

१९ जानेवारी
वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. समोरची शर्मिला म्हणाली, काकू, दुसऱ्याच्या घरामागे काहून लागून राहिल्या तुम्ही? तिचं वाचन नाही.

२ फेब्रुवारी
उद्या तपासणी. किल्ली माझ्याकडेच असते. तुळशीला पाणी आणि देवाजवळ दिवा रोजचाच. घर अंधारात ठेवणार नाही असा वहिनींना शब्द दिलाय. आज अंगणही सारवलं, रांगोळी काढली. सरकारी माणूस येणार, घराची अब्रू राहिली पाहिजे.

३ फेब्रुवारी, दुपार
साहेब आले. रांगोळी पाहून म्हणाले, माताजी, यहाँ तो लोग रहते हैं. मी म्हटलं, कोई नहीं रहता, मैं ही आती हूँ. वही तो, म्हणाले. ओल्या तुळशीचा फोटो काढला. वहिनींच्याच कपात चहा दिला. भला माणूस. काम झाल्यात जमा.

२१ फेब्रुवारी
शेरा आला: घर वापरात आहे. शर्मिलाला हसू आवरेना.
सौमित्रने पहिल्यांदा स्वतःहून फोन केला. थँक्यू काकू, तुमच्यामुळे नोटीस टळली, आता भाव चढेपर्यंत बांधायची घाई नाही, म्हणाला. किती मानतो मला. तरी अपील करणारच.

८ मार्च
सौमित्र येऊन गेला. किल्ली मागून घेतली. म्हणाला, राग मानू नका, पण वकील म्हणतो, एकटी बाई रोज येते-जाते, उद्या कब्जा सांगेल. वकिलाला सावध राहावंच लागतं. मी वाईट वाटून घेतलं नाही. जाताना आतला बल्ब टायमरवर लावून गेला. घर वापरात दिसलं पाहिजे ना.

९ मार्च, संध्याकाळ
पलीकडे बल्ब लागला. कुणीतरी उठून लावल्यासारखा. ताट खिडकीपाशी नेलं, ह्यांची खुर्चीही तिकडेच ओढली. मग अपिलाचं ठणकावून सांगायला सौमित्रला फोन लावला. स्वयंपाकघरातही एक लाव, एवढंच बोलणं झालं.