मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळात दंतवैद्यास ठेवून घेणेबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
सामाजिक संस्था विभाग.

विषय : शनिवार चर्चा मंडळातील अर्जदाराचे सभासदत्व कायम ठेवणेबाबत.
संदर्भ : सभासदांच्या पात्रतेविषयी आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

आपण मागविलेला मंडळाचा इतिहास अर्जदार, व्यवसायाने दंतवैद्य, सविनय सादर करीत आहे.

१. हे मंडळ थोरल्या बाईंनी, म्हणजे मनोविकार रुग्णालयातून निवृत्त झालेल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी, स्थापन केले. मनोविकारतज्ज्ञांशी कोणी मोकळेपणी बोलत नाही, ही त्यांची अडचण होती. समारंभात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. भरलीच, तर बसणारा मेहुण्याची झोप उडाल्याची हकिकत काढतो. घरी जावईसुद्धा "मला तपासताय का?" म्हणून गप्प बसतात. सबब, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरील खोलीत, मन सोडून कोणत्याही विषयावर गप्पा माराव्यात असे ठरले.

२. परंतु सर्वच सभासद ऐकण्यात तरबेज. पहिल्या काही बैठकांत कोणी बोललेच नाही. एकाने घसा खाकरला असता दुसऱ्याने "हं, पुढे?" असे विचारले, एवढीच चर्चा झाली.

३. अर्जदाराचा दवाखाना त्याच मजल्यावर आहे. खोलीत दिवा आणि माणसे असून आवाज कसा नाही, या काळजीने तो डोकावला. थोरल्या बाई म्हणाल्या, "बसा ना." अर्जदाराचा जन्म ज्यांना उत्तर देता येत नाही अशा माणसांशी बोलण्यात गेलेला. तो बसला आणि सासूबाई लग्नघरातून भलत्याचीच छत्री घेऊन आल्या, ती गोष्ट सांगू लागला. ती छत्री परत करावी की नाही, यावरून दोन डॉक्टर हातघाईवर आले आणि मंडळ खऱ्या अर्थाने सुरू झाले.

४. पुढे अर्जदाराची पत्नी वारली. त्या आठवड्यात सगळे सभासद घरी आले. कोणी काही विचारले नाही, सल्ला दिला नाही. अर्जदाराला तोंड उघडवेना, हे पाहून ते ऐकणारे लोक स्वतःच बोलू लागले : बसचे मार्ग, पायताणांचे भाव, गळका नळ, वाटेल ते. निघताना थोरल्या बाई म्हणाल्या, "शनिवारी या. नाही बोललात तरी चालेल." अर्जदार गेला.

५. आता आपल्या तपासनिसांनी 'सर्व सभासद मनोविकारतज्ज्ञ असावेत' या कलमावर बोट ठेवले आहे. नियमाचा मान राखून अर्जदाराने खोलीत जाणे बंद केले. परिणाम असा की, सभासद एकेक करून दातदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात येतात आणि बाक अडवून बसतात. दात तपासावेत तर ठणठणीत. खरे दुखणाईत गाल धरून जिन्यात उभे असतात.

६. काल थोरल्या बाई स्वतः आल्या व उजवी दाढ ठणकते म्हणाल्या. बाईंच्या तोंडात त्यांचा स्वतःचा असा एकही दात उरलेला नाही. संपूर्ण कवळी अर्जदारानेच बनवलेली आहे. हे निदर्शनास आणून दिले असता बाई म्हणाल्या, "असेल. पण दुखतंय." आणि बसून राहिल्या.

तरी, या दुखण्यावर अर्जदाराच्या शास्त्रात इलाज नसल्याने, आपल्या अधिकारात तो व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
दंतवैद्य, जिन्याच्या डाव्या हाताचा दवाखाना
दि. ११ जुलै

सोबत : जिन्यात उभ्या असलेल्या रुग्णांचे पाठिंब्याचे पत्र.