बी छान वाळलं आहे

३ मार्च, सकाळ
मामा गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले. गाडीत बसता बसता म्हणाले, जांभळ्या मिरचीचं बी काढून ठेवलंय, पंख्याखाली सावलीत पसर आणि पुन्हा हात लावू नकोस. ही मिरची त्यांनी वीस वर्षं निवडून निवडून घडवली. आमच्या नर्सरीबाहेर ती कुठेच नाही. बी नीट उगवलं तर बियांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. मी शांत आहे. जेवण गेलं नाही, ते उकाड्यामुळे.

४ मार्च
नुसतं पंख्याखाली? पद्धत जुनी झाली. मी शास्त्रीय तुलना करणार. तीन वाटे. अ : पंख्याखाली. ब : पत्र्यावर उन्हात. क : माझा ड्रायर, म्हणजे पत्र्याची पेटी आणि आत मोठा बल्ब. लेबलं सुवाच्य अक्षरात लिहिली. ‘आर्द्रता’ शब्दकोशात बघून घेतलं. बारावी अर्धवट सुटली म्हणून कामही अर्धवट, असं कोणी म्हणू नये.

५ मार्च, दुपार
पेटीत हात घातला. चटका बसला. पण मी माणूस आहे, बी नाही.
मामी डोकावली. म्हणाली, शहाण्या, वाळवतोयस की भाजतोयस? तिला शास्त्र कळत नाही. थर्मामीटर आणायचा आहे. उद्या नक्की.

६ मार्च
क अप्रतिम. खडखडीत. दाबलं की कट्‌कन मोडतं. अ अजून मऊ, ओशाळल्यासारखं. त्याच्याकडे बघवत नाही. सारखा उठून चाचपून बघतोय.

७ मार्च
निर्णय घेतला. अ आणि ब यांच्यावर अन्याय नको, म्हणून तेही दिवसभर ड्रायरमध्ये ठेवले. आता तिन्ही वाटे सारखेच कडक. तुलनेचा इतका स्पष्ट निकाल क्वचितच लागत असेल. थर्मामीटरची गरज उरली नाही.

९ मार्च
बी हातात आल्यावर जुन्या झाडांचं काय काम? पानं गळून अंगण घाण होतं. मामांची सगळी जांभळी झाडं उपटून कचरागाडीत दिली. कुंड्या साबणाने घासून मागच्या भिंतीशी उपड्या मांडल्या. मामीने विचारलं, ह्यांना विचारलंस का रे? म्हटलं, सरप्राइज आहे. म्हणाली, ते तर होईलच.

१० मार्च
उगवण तपासायला तिन्ही वाट्यांतलं थोडं थोडं बी ओल्या फडक्यात बांधलं.

१८ मार्च
मोड नाही. मिरची मुळातच आळशी असते.

२१ मार्च
नाही. फडक्याला साबणाचा वास होता. फडकं बदललं. मामी म्हणते, तुझं गाठोडं कधी बाळंत होणार? मी हसलो नाही.

२४ मार्च
बी फुगलंय, बुळबुळीत झालंय, वास येतोय. तिन्ही वाट्यांत तेच. माझ्या मते ते विश्रांती घेत आहे. मामांना असंच सांगायचं. दोनदा आरशासमोर म्हणून बघितलं. दोन्ही वेळा आवाज चिरकला.

२६ मार्च, सकाळ
मामा आले. हातात काठी. खुर्चीत टेकायच्या आधी बी मागितलं. बाटलीतलं कोरडं बी दिलं. त्यांनी एक दाताखाली धरलं, चावलं. म्हणाले, कढईत टाकलं होतंस का रे? मी पेटी दाखवली. त्यांनी बल्ब पाहिला, वाट्यांवरची माझी लेबलं वाचली. मग म्हणाले, अ तरी मी सांगितल्यासारखं होतं ना? म्हटलं, सुरुवातीला होतं.
विश्रांतीचं सांगायला तोंड उघडलं. रडू आलं.
वाटलं, आता हाकलणार. पण मामांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, असू दे, वेड्या, माझंही एकदा असंच गेलं होतं. झाडं आहेत ना, अजून दोन तोडे तरी येतील. पुन्हा बी काढू, या वेळी दोघं मिळून. आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

२६ मार्च, लगेच नंतर
झाडांचं संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. चहा झाल्यावर, योग्य शब्दांत. पण मामा म्हणाले, झाडांना भेटून येतो, आणि निघालेसुद्धा. काठी स्वयंपाकघरातून पुढे गेली. मागच्या दाराची कडी वाजली.
कुंड्या अगदी स्वच्छ आहेत.
काठी थांबली.
मामी ओरडतेय, अरे, ह्यांना आधी खुर्ची आण.