नाटकातला धवला

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शनिवारचा प्रयोग रद्द. नाट्यगृहाचे व्यवस्थापक हौसेराव यांनी दुपारी फोनवर दुजोरा दिला. कारण — तांत्रिक.

तांत्रिक! पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. दिवे बिघडले तर माणूस सांगतो, दिवे बिघडले. सांगायचं नसतं तेव्हाच कारण तांत्रिक होतं.

पहिला प्रयोग गेल्याच शनिवारी झाला. विद्यापीठाचं नाट्यगृह, पावणेतीनशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. नाटकाचं नाव ‘भरतीआधी’. उरणकडच्या मिठागरावरचं एक गाव आणि त्यातलं एक लग्न. दिग्दर्शन अर्पिताचं. पोटच्या मुलीच्या नाटकावर लिहायचं नाही हा माझाच नियम, पण पुरवणीचा रोहन ऐकेना. ‘सर, आगरी लग्नातली खरी धवलारीण कॅम्पसच्या स्टेजवर! तुम्ही नाही तर कोण लिहिणार?’ लिहिलं. धवलारीण म्हणजे काय हेही वाचकांना समजावलं — लग्नाची गाणी म्हणजे धवले म्हणत एकेक विधी पार पाडणारी बाई. भटजी असो नसो, ती हवीच. रविवारी छापून आलं. मथळा: ‘कमळीबाईंच्या धवल्याने नाट्यगृह भारावले.’

आणि चार दिवसांत प्रयोग रद्द. कोणीतरी काहीतरी दाबतंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्पिताला विचारलं. ‘बाबा, सोडा ना.’ सोडा म्हणजे नक्की काहीतरी आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

प्रयोग नसला तरी गेलो. रद्द झालेल्या प्रयोगाच्या जागी मुलींचं कथक लावलं होतं. बसलो. तबला चांगला होता. खुर्च्या निम्म्या रिकाम्या. दिवे सगळे ठणठणीत! एकही लुकलुकला नाही. वहीत नोंद केली.

मध्यंतरात हौसेरावांना कँटीनमध्ये गाठलं. माणूस सरळ आहे, पण चहात साखर ढवळत बसला की समजावं, बोलायचं नाही.

‘दिवे तर चालू आहेत, हौसेराव.’

‘दिव्यांचं कोण बोलतंय साहेब?’

‘तुम्हीच म्हणालात, तांत्रिक.’

‘मला जे बोलायला सांगतात ते मी बोलतो. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत.’ मग इकडेतिकडे बघून, ‘मंगळवारी गावातनं चार माणसं आली होती. कुलसचिवांच्या केबिनमध्ये अर्धा तास. तुमचं कात्रण होतं त्यांच्याकडे. पुढचं मला विचारू नका.’

माझं कात्रण!

नाटकात एक वाक्य आहे: ‘हा कॅम्पस उभा हाय तिथं आमचं मिठागर व्हतं.’ व्यवस्थापनाला ते झोंबलं असणार. गावातली चार माणसं हाताशी धरायची, त्यांच्याच तोंडून ‘बंद करा’ म्हणवून घ्यायचं — जुनी युक्ती. सिडकोच्या काळापासून बघत आलोय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उरणच्या बसने कमळीबाईंच्या गावी. घर सापडायला वेळ लागला नाही. धवलारणीचं घर कोणीही दाखवतं. दाखवताना कोणी हसत नव्हतं, एवढंच.

कमळीबाई सत्तरीच्या. ओटीवर तांदूळ निवडत होत्या. बरोबर शेजारीण जयमाला. बोलली सगळं तीच.

‘या महिन्यात तीन लग्नं व्हती हिची. तिन्ही गेली. दुसऱ्या गावची धवलारीन आनतान आता. बोलतान, कमळीनं धवला तिकिटावर गायला.’

‘पण गाणंच ना ते?’

‘गानं?’ जयमालाने सूप खाली ठेवलं. ‘लगीन नसंल तं धवला नाय. रिकामा धवला म्हनायचा नसतो. पोरीबाळींना इघन येतं. हिच्या सासूनं शिकवला हिला, तो पन मांडवातच. घरात बसून नाय. आनि ही म्हातारी नाटकात गेली गायला!’

रविवारी गावकीची बैठक आहे. चाळीस वर्षं ही बाई गावातली लग्नं लावतेय. रिकामा धवला गायली असं ठरलं तर पुन्हा कोणी बोलावणार नाही. हे व्यवस्थापनाचं काम नव्हे. माझ्या कात्रणाचं आहे.

मी कमळीबाईंना विचारलं, ‘तुम्ही खरंच गायलात, की मुलांनी टेप लावली?’

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. ‘तू व्हतास ना तिथं? लिवलंस ना पेपरात?’

‘हो.’

‘मंग मना काय इचारतंस? तूच सांग.’

मी वहीत बघितलं. त्या बघत राहिल्या. खडा सापडेपर्यंत तांदळाकडे बघतात तसं. मग आत गेल्या.

आता इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? मी नव्हतो. पुरवणीचं पान साडेआठला जातं. प्रयोग पाऊण तास उशिरा सुरू झाला. आठला एक प्रवेश बाकी होता. मी उठलो, कँटीनमध्ये बसून चारशे शब्द केले, आठ वीसला पाठवले. शेवटचा प्रवेश प्रसिद्धिपत्रकातून घेतला. त्यात होतं, ‘कमळीबाई धवला गातात’. मी ‘गायल्या’ केलं. ‘भारावले’ हा शब्द माझा.

सगळेच करतात. गायिकेची शेवटची भैरवी ऐकून कुठला समीक्षक पान गाठतो? पण आजवर कोणी समोर बसून ‘तूच सांग’ म्हटलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मथळ्यातलं एक नाव आणि तीन लग्नं. झोप नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

विचार करून एकच शक्यता उरते: टेप. लग्न नसताना ती बाई गाणार नाही, हे जयमालाच्या बोलण्यावरून स्पष्ट आहे. म्हणजे मुलांनी कुठल्यातरी लग्नात चोरून ध्वनिमुद्रण केलं आणि नाटकात वाजवलं. म्हातारीला पुढे बसवलं असेल नुसतं. हे सिद्ध झालं तर कमळीबाई सुटतात. अर्पिता अडकते, पण त्याला इलाज नाही.

संशय धनेशवर. कमळीबाईंचा नातू. नाटकात नवरदेव तोच. आजीला कॅम्पसवर आणणारा तोच. आमच्याकडे येतो, ‘सर, सर’ करतो, चपला ओळीत लावून ठेवतो. माणूस विनाकारण इतका नम्र नसतो! मागेच त्याच्याबद्दल दोन फोन केले होते. वडील कंटेनर यार्डात सुपरवायझर. स्वतःचं घर. व्यसन नाही. उधारी नाही. इतकं स्वच्छ काही असतं का?

ध्वनियोजना करणारा कल्पेश. कॅम्पसच्या गेटवर पकडला.

‘रेकॉर्डिंग आहे सर. पण अर्पिता मॅडमनी सांगितलंय, कोणाला द्यायचं नाही.’

‘मी कोणी आहे का?’

‘तुमचंच नाव घेऊन सांगितलंय सर.’

२० फेब्रुवारी, गुरुवार

रुतिकाला फोन केला. पत्रकाप्रमाणे नवरीची भूमिका तिची. सरळ विचारलं, ‘धवल्याच्या वेळी तू मंचावर होतीस. टेप होती की बाई गात होत्या?’

पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग, ‘काका, मी नव्हते मंचावर.’

‘म्हणजे?’

‘शेवटच्या प्रवेशात मी विंगेत होते. तुम्ही... तुम्ही बघितलं ना?’

मी पुन्हा टेपचंच विचारलं.

‘काका, तुम्ही नव्हतात! आम्हाला वाटलंच होतं.’ रडवेली झाली. ‘मी व्हिडिओ पाठवते. मी दिला म्हणून सांगू नका. कमळीआजीचं जे चाललंय ना, टेन्शन येतं मला रोज.’

बावीस मिनिटांचा व्हिडिओ आहे. टेप नाही. कमळीबाई स्वतः, मध्यभागी पाटावर, हातात तांदूळ. आवाज म्हातारा, पण हलत नाही. समोर धनेश. त्याच्या बाजूला मुंडावळ्या बांधलेली नवरी, मान खाली. दोनदा मागे नेऊन बघितलं. रुतिका नाही.

अर्पिता.

धवल्यात नवरा-नवरीची नावं घालतात, कोणाचा पोर, कोणाची पोर तेही. नाटकातली नावं जानू आणि सुगंधा. बाईंनी ती घेतलीच नाहीत. धनेशचं नाव आलं, त्याच्या बापाचं आलं. मग अर्पिताचं. मग ‘विलासाची लेक’, म्हणजे माझी. ईश्वरीचंही नाव आलं, चार वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या बायकोचं.

पावणेतीनशे लोक टाळ्या वाजवतायत. मी कँटीनमध्ये ‘भारावले’ लिहीत होतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चहाच्या वेळी व्हिडिओ लावून फोन टेबलावर ठेवला. अर्पिताने तो उलटा केला.

‘कोणी दिला?’

‘ते महत्त्वाचं नाही.’

‘तुम्हाला तेच महत्त्वाचं असतं नेहमी, बाबा. कोणी सांगितलं, कोणी दुजोरा दिला.’

‘मला आधी सांगता येत नव्हतं?’

‘आधी? मागच्या वर्षी धनेशचं नुसतं नाव काढलं तर त्याच्या बाबांच्या यार्डात फोन गेला तुमचा. ते मला विचारतात, तुझे वडील पोलिसात आहेत का! आधी सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्या सात पिढ्यांची बातमी काढली असती. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू देत. आजी गाताना बघितलं की तुम्हाला काही विचारावंसं वाटणार नाही. दारातच सांगितलं होतं ना, आज शेवटपर्यंत थांबा.’

सांगितलं होतं. मी म्हणालो होतो, हो हो.

‘रविवारी पेपर बघितला. आम्ही दोघं येडेच झालो. म्हटलं बघितलं, लिहिलं, आणि घरी येऊन जेवताना चकार शब्द नाही! रागावलेत की चाललंय त्यांना? दोन दिवस मी तुमचं तोंड बघत होते. मग कँटीनवाला म्हणाला, साहेब आठला इथे बसले होते लिहीत.’

चहा गार झाला. मी दुसरा टाकला. ती भांडली नाही, ते जास्त लागलं.

मग मुद्द्यावर आलो. लग्न खरं होतं, म्हणजे धवला रिकामा नव्हता. कमळीबाईंनी गावकीत एवढं एक वाक्य बोलावं की विषय संपला. आपली तीन लग्नं जाऊ देऊन ही बाई गप्प का?

‘तेच तर कळत नाही,’ अर्पिता म्हणाली. ‘धनेश आणि मी सांगायला निघालो होतो. आजीने दारात अडवलं. तोंड उघडायचं नाय कोनी. कारण विचारलं तर उठून जाते.’

काहीतरी लपवतेय. पावणेतीनशे साक्षीदार असताना माणूस गप्प बसतो तो उगाच नाही. कोणाच्या दबावाखाली आहे? की विधीत काही चूक झाली आणि ती झाकतेय? हेही लिहून ठेवतो: मला आता तिचाच संशय येतो.

संध्याकाळी रोहनला सात ओळींचा खुलासा पाठवला. शेवटचा प्रवेश प्रस्तुत लेखकाने पाहिलेला नव्हता, वगैरे. त्याचा लगेच फोन. ‘सर, खुलासा? कोणाची तक्रार आलीय का?’

‘माझी.’

‘सर, कॉलम जाईल तुमचा. वरून विचारतील.’

‘रविवारीच लाव.’

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आठला बेल. कमळीबाई, धनेशसोबत, आमच्या खांदेश्वरच्या घराच्या दारात. पाणी प्यायल्या. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, मी नव्हतो. मी न बघता लिहिलं.

‘मना म्हाईत हाय,’ त्या म्हणाल्या. ‘पुढची खुरची रिकामी दिसली मना, पाटावरून.’

‘मग बोलला का नाहीत? गाव तुम्हाला...’

‘काय बोलू? लगीन खरं व्हतं बोललं तं इचारतान, बाप कुठं व्हता. मंग सांगू, पोरीचा बाप मधनंच उठून गेला? त्या पोरीला गावात नांदायचं हाय, भावा. सोपवनीचा धवला बाकी ठेवलाय मी. तो बापाच्या हातात पोरीचा हात असला तवाच म्हनायचा. मी तुजी वाट बघतंय. घरी आलास तवा बोलशील वाटलं.’

मी बोललो नव्हतो. मी टेपबद्दल विचारलं होतं.

गावकी उद्या दहाला बसते. कमळीबाईंनी निरोप धाडलाय: देवळात नाही, नाट्यगृहात या, उरलेला धवला ऐका, मग काय ते ठरवा. येणार की नाही, अजून कोणी कळवलेलं नाही. हौसेराव नऊला कुलूप काढणार आहेत, पेन्शनला दोन वर्षं राहिलेली असूनही. पेपर त्याआधी गावात पोचलेला असेल, माझ्या खुलाशासकट. मला साडेनऊला मंचावर उभं राहायचंय.