उत्तरेचं दार

प्रिय सुमेधा,

मंगळवारी सकाळी तुझ्या बाबांनी प्रणवच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जावई असावा तर असा! वास्तूही सांभाळली आणि थंडीही!" त्या क्षणी माझं सगळं बदललं. मी तिथेच होतो, गुडघ्यांवर बसून नव्या क्लिनिकच्या उंबऱ्याचे स्क्रू आवळत. तू माझ्याकडे पाहिलंस आणि लगेच फोनमध्ये डोकं घातलंस.

गेल्या जानेवारीत तूच आली होतीस ना, सीट्रेनच्या स्टेशनवर? "बाबांना क्लिनिकचं दार उत्तरेलाच हवंय, कुबेराची दिशा म्हणे. बिल्डर म्हणतो, कॅल्गरीच्या थंडीत उत्तरेला दार म्हणजे वेडेपणा. तनय, तू दारं बसवतोस, काहीतरी कर ना. बाबांना पटलं की तुझं नाव सांगते. आपलंही." आपलंही! त्या एका शब्दावर मी तीन आठवडे धावलो.

कॉलेज अर्धवट सोडलं मी, पण तुला दिलेल्या त्या तीन पानी आराखड्यासाठी केला तेवढा अभ्यास तिथे दोन वर्षांत केला नव्हता. उणे तीसमध्ये तुमच्या जागेवर उभा राहून बर्फ कुठे साचतो ते पाहिलं. नेमका उत्तरेच्या भिंतीशी. बाहेर उघडणारं दार तिथे अडकणारच, रोज सकाळी फावड्याने बर्फ कोण उपसणार? मग सुचलं. तुझ्या बाबांचं उत्तरेचं दार राहू दे. त्याच्यापुढे छोटी बंद खोली करू आणि तिचं बाहेरचं दार पूर्वेला ठेवू. पूर्वही शुभच. नुसत्या धातूच्या चौकटीवर आतून बर्फ धरतो, म्हणून मधोमध थंडी अडवणारी पट्टी असलेली चौकट घ्या, असं लिहिलं. दोन दारांत वॉकर घेतलेल्या आजी निवांत उभ्या राहतील एवढं अंतर. मागचं मिटल्यावर पुढचं उघडायचं. कोपऱ्यात तुझ्यासाठी एक वेडंवाकडं मांजरही काढलं होतं. मंगळवारी बाबांच्या हातातल्या, प्रणवचं नाव असलेल्या प्रिंटआउटमध्ये शब्दन् शब्द माझा होता. मांजर तेवढं नव्हतं.

विचारलं तर म्हणालीस, "अरे, तुझं नाव घेतलं असतं तर बाबांनी वाचलंच नसतं." मग प्रणवचंच का? "तो इंजिनिअर आहे ना." आणि त्याच्याशी साखरपुडा? "ते घरच्यांनी ठरवलंय," म्हणून गाडीत बसलीस. असा संताप आला की दाराच्या कडांचं रबर उपटून टाकावं, कुडकुडू देत सगळे. दोन फूट उपटलंही. मग मुकाट्याने परत बसवलं. त्या वॉकरवाल्या आजींनी माझं काय बिघडवलंय?

आणि काल तुझा मेसेज: "क्लिनिकच्या पूजेला ये, पण बाबांनी विचारलं तर डिझाइन प्रणवचंच म्हण, प्लीज." त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. मी म्हणणार नाही. रिसेप्शनच्या टेबलावर दोन पाकिटं आहेत. हे तुझं. दुसरं तुझ्या बाबांचं, त्यात माझ्या वहीतली कच्ची पानं आहेत, तारखांसकट. उद्या बाबा दहाला येणार, तू रांगोळी काढायला नऊला. तो एक तास तुझा. बाबांचं पाकीट फाडायचं तर फाड. माझ्याकडची किल्ली पाकिटांशेजारी ठेवलीय. दार ओढलं की आपोआप लॉक होतं, म्हणजे स्टेशनकडे जाता जाता मी विरघळलो तरी ते पाकीट उचलायला परत येता येणार नाही. आणि तुझ्या बाबतीत मी विरघळतोच, सुमेधा. चल, निघालो. दार ओढून घेतो.

तुझाच होतो,
तनय